डावीकडे ओढणारी गाडी

जेवणं झाली, फाटकाला कुलूप पडलं, आता कोणाला झोप येत असेल तर आत्ताच उठा. गोष्ट अर्ध्यात टाकून गेलात तर जिन्यातला दिवा लावायला मी येणार नाही. आणि तू रे भाच्या, मघाशी काय म्हणालास? जुन्या गाडीचा पार्ट बसवला तर काय बिघडतं? बस जरा जवळ. तुझ्याचसाठी सांगतोय.

एक आधीच सांगून ठेवतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सगळा जन्म गेला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात. माझा विश्वास फ्यूजवर, वायरवर, नटबोल्टवर. एखादी गोष्ट चालत नसेल तर कुठेतरी काहीतरी तुटलंय, सुटलंय किंवा कोणीतरी हात मारलाय, एवढंच मला कळतं. संशय घेणं हे आमच्या धंद्यात अर्धं काम असतं. गॅरेजात बिघडलेली गाडी आली की चांगला मिस्त्री बॉनेट नंतर उघडतो, आधी विचारतो, "शेवटचा हात कोणाचा लागला?" नव्वद टक्के वेळा पाणी तिथेच मुरत असतं.

माझा दोस्त मिस्त्री यात सगळ्यांचा बाप. माझ्या दुकानासमोरच त्याचं गॅरेज. माणूस सोन्यासारखा, पण संशयी असा की घरी चहा गोड लागला तरी विचारेल, साखर कोणी घातली? एकुलती एक लेक, इस्पितळात नर्स. जावई मोबाईल दुरुस्त करायचा, बाजारात त्याचं छोटं दुकान होतं. शांत मुलगा. फार शांत. आणि जो माणूस फार बोलत नाही त्याच्याबद्दल मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकायचीच.

तर झालं असं की लेकीच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग गेलं. अचानक जड. इलेक्ट्रिक स्टिअरिंग होतं, आतली मोटार मेली की हात मोडायची वेळ येते. आणि लेकीची रात्रपाळी सुरू व्हायची होती. रात्री त्या रस्त्याला बस नसते, म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. जावयाला ती रात्रपाळी मुळीच पसंत नव्हती. दोनतीनदा म्हणालाही होता, सोडून दे, दुकानात बस माझ्याबरोबर. मिस्त्रीने ते ऐकलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

नवा कॉलम मागवायचा तर आठवडा लागणार. म्हणून शनिवारी दुपारी मिस्त्री भंगार बाजारात गेला. कॉलम म्हणजे स्टिअरिंगच्या खालचा तो दांडा, मोटार आणि सेन्सरसकट. त्याच मॉडेलची एक चेपलेली गाडी तिथे उभी होती, तिचा कॉलम काढून आणला. पुसला, साफ केला, माझ्या दुकानात येऊन काउंटरवर ठेवला. "बघ, नव्यासारखा आहे," म्हणाला. मीही बघितला. चांगलाच होता.

संध्याकाळी गॅरेजात बसवायला घेतला. जावई मदतीला आला होता, लेक बाजूला उभी. आता इथे नीट ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. या स्टिअरिंगमध्ये एक सेन्सर असतो. तुम्ही कोणत्या बाजूला किती जोर लावताय ते तो ओळखतो आणि मोटार त्या बाजूला मदत करते. नवा कॉलम बसवला की त्याला शिकवावं लागतं की बाबा रे, हे शून्य, आता स्टिअरिंगवर कोणाचाही हात नाही. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावायचा, बटण दाबायचं आणि सगळ्यांनी हात लांब ठेवायचे. त्या वेळी स्टिअरिंगवर हात असला, तर तो त्या हातालाच शून्य समजतो. मग हात काढला की त्याला वाटतं, कोणीतरी उलट्या बाजूला ओढतंय. गाडी आपली आपण एका बाजूला पळायला लागते.

मिस्त्रीला पडलेली सवय जुन्या गाड्यांची. त्या काळी खाली चाकं सरळ करताना वर एकजण स्टिअरिंग गच्च धरून बसायचा. तोंडातून सवयीने निघून गेलं, "जावईबापू, धरा जरा." जावयाने धरलं. मिस्त्रीने खालचे बोल्ट आवळले, उठला, स्कॅनर हातात घेतला, म्हणाला, "सोडा आता," आणि नजर स्कॅनरवर ठेवूनच बटण दाबलं. सेटिंग झाल्याचा आवाज आला. जावयाने खरंच हात सोडला होता की नाही, हे कोणीच बघितलं नाही.

लेक एकटीच गाडी घेऊन चक्कर मारायला गेली. परत आली ती तोंड उतरवून. "बाबा, डावीकडे ओढतेय. जोरात."

मिस्त्रीने जावयाकडे बघितलं. "सोडलं नव्हतंत ना?"

"सोडलं होतं, बाबा."

"मी सोडा म्हटलं तेव्हा, की बटणाचा आवाज आल्यावर?"

"तुम्ही म्हटल्यावर लगेच."

मिस्त्रीने जावयाला शटरच्या बाहेर उभं केलं आणि सेटिंग पुन्हा केलं. मग लेकीला चालवायला बसवून स्वतः शेजारच्या सीटवर बसला. गाडी सरळ गेली. एकदम सरळ. लेक खूश झाली. मिस्त्री जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघितलंस? हात लांब असले की सगळं नीट होतं." जावयाने मान खाली घातली. तशी तो नेहमीच घालायचा.

त्या रात्री गाडी लेकीच्या घरी, तिच्या अंगणात होती. रविवारी सकाळी ती एकटी इस्पितळात रात्रपाळीचं विचारायला निघाली. गावाबाहेर कालव्याच्या कडेने रस्ता जातो. कालवा डाव्या हाताला. तिथे गाडीने असं ओढलं की पोरीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेक मुळापर्यंत दाबला. गाडी थांबली तेव्हा कडेचं गवत चाकाखाली आलं होतं. ती तशीच माहेरी आली.

जावई दुकान बंद करून धावत आला. आणि बिचाऱ्याच्या तोंडून नको तेच निघालं. "मी म्हणतच होतो, ही रात्रपाळी सोड म्हणून."

झालं! मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळला. गाडी रात्री होती कुणाच्या अंगणात? इलेक्ट्रॉनिक वस्तू उघडायला हात कोणाचे सरावलेले? ही घरी बसावी असं कोणाला वाटतं? सगळे धागे एकाच माणसाकडे जात होते.

तो माझ्याकडे आला. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, अरे, आधी गाडीवर संशय घे, मग माणसावर. रविवारचा सगळा दिवस आम्ही दोघं त्या गाडीत डोकं घालून होतो. टायरमधली हवा बघितली. पुढचे टायर डावे-उजवे बदलले. चाकांचं अलाइनमेंट केलं. बॅटरी तपासली, अर्थिंगची वायर घासून पुन्हा लावली. डॅशबोर्डखालचं कव्हर काढून मिस्त्री टॉर्च घेऊन उताणा पडला. कशासाठी, तर जावयाने काही यंत्र लपवलंय का ते बघायला. काही नव्हतं. स्कॅनर म्हणत होता, दोष नाही. चालवून बघितली. मी शेजारी बसलेलो, गाडी सरळ. "बघ," मी म्हटलं, "आता काही नाही." मिस्त्री एकटा एक फेरी मारून आला आणि माझ्यासमोर चावी आपटली. ओढत होती.

मग मी म्हटलं, कॉलम आला कुठून ते तरी विचार. भंगारवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. गाडीचा अपघात कसा झाला विचारलं. तो म्हणाला, डावीकडे खाली गेली, झाडाला लागली. मोकळा रस्ता होता. चालवणाऱ्याला साधं खरचटलंही नाही. पण तो माणूस सगळ्यांना एकच सांगत होता, मी वळवली नाही.

"शेजारी कोण होतं?" मिस्त्रीने विचारलं.

भंगारवाल्याने आवाज खाली आणला. "गाडीत दुसरं कोणी सापडलं नाही, मिस्त्री."

"सापडलं नाही म्हणजे? होतं का कोणी?"

"तो म्हणत होता, होतं." आणि लगेच आवाज बदलून, "पार्ट चांगला आहे ना? मग झालं तर." फोन ठेवला.

मला ते ऐकून कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू? पण मिस्त्रीला नाही. तो म्हणाला, दारू प्यायलेला असेल. त्याच्या डोक्यात जावई बसला होता आणि तिथे दुसऱ्या कोणाला जागा नव्हती.

सोमवारी सकाळी त्याने जावयाला तोंडावर विचारलं. लेकीसमोर. "रात्री गाडीत काय केलंत?" जावई आधी हसला, त्याला चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "बाबा, ती गाडी माझी बायको चालवते." एवढंच. चपला घालून निघून गेला.

लेक मात्र गप्प बसली नाही. बापाचंच रक्त. म्हणाली, "बाबा, एकदा काय ते ठरवा. संशय गाडीवर आहे की माणसावर? माणसावर असेल तर आजच सांगा. मी त्यांच्याबरोबर जाते आणि परत या दारात पाय ठेवत नाही. गाडीवर असेल तर गाडी दुरुस्त करा. उद्या रात्री मला कामावर जायचंय."

वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, रडायला लागली. मिस्त्री दुकानात येऊन माझ्यासमोर बसला.  म्हणाला, "मी चुकत असलो तर लेक जाते. आणि मी बरोबर असलो आणि गप्प बसलो, तर ती त्या कालव्यात जाते. सांग, काय करू?"  तुम्हाला सुचतंय का काही उत्तर?

शेवटी त्याने आपल्या पद्धतीने ठरवलं. गाडी तपासायची, जावयाला बरोबर घेऊन. रस्ता रिकामा असेल तेव्हा.

नोव्हेंबरातली रात्र होती, सोमवारची. अकरा वाजून गेले होते. थंडी नुकती पडायला लागलेली, धुकं नव्हतं, चंद्र नव्हता. यापुढचं मी दोघांकडून ऐकलंय. मुद्दाम वेगवेगळं बसवून विचारलं. दोघांच्या सांगण्यात काडीचा फरक नाही.

कालव्याचा रस्ता. मिस्त्री चालवायला, जावई डाव्या सीटवर. मिस्त्री म्हणाला, "हात मांडीवर ठेवा. मला दिसू द्या." जावयाने ठेवले. गाडी निघाली. सरळ. पुलापर्यंत गेले, वळवली, परत आले. सरळ. पुन्हा गेले. मिस्त्री रस्त्याच्या बरोबर मधून चालवत होता, कारण रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्याने गाडी थोडी जातेच. हात सोडून बघितले. रेघ मारावी तशी सरळ.

जावई हळूच म्हणाला, "बाबा, एक बोलू का?"

"बोला."

"ती एकटी असली की ओढते. तुम्ही एकटे असलात की ओढते. तिच्या शेजारी तुम्ही बसलात, तेव्हा नाही ओढलं. काल काका बसले, तेव्हाही नाही. आज मी बसलोय."

"मग?"

"म्हणजे... या सीटवर माणूस असला की ओढत नाही."

काका म्हणजे मी. आता बघा, पोराने किती साधी गोष्ट पकडली होती. पण संशयी माणसाला खरं सांगितलं तरी त्याला त्यात डाव दिसतो. मिस्त्रीने गाडी थांबवली. म्हणाला, "खिशात काय आहे?" आणि त्या थंडीत, रस्त्यावर, सख्ख्या जावयाला खिसे रिकामे करायला लावले. मोबाईल, रुमाल, एक बारका स्क्रू-ड्रायव्हर. जावयाने सगळं बॉनेटवर मांडलं.  मिस्त्रीने सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं.

"इथेच थांबा," म्हणाला. "मी एकटा जाऊन येतो."

मागच्या सीटवर हत्यारांची पेटी होती, चांगली जड. ती उचलून त्याने डाव्या सीटवर ठेवली. वजनाचा काही संबंध असेल तर कळेल म्हणून. मग शेवटची खात्री करायची म्हणून खाली वाकून स्टिअरिंगचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. फ्यूज काढला की मोटार मेली. सेन्सर मेला. समोर पिवळा दिवा लागला. आता ते स्टिअरिंग म्हणजे नुसता लोखंडाचा दांडा. माणसाच्या हाताशिवाय ते हलूच शकत नाही. कोणी यंत्र लावलं असेल तर तेही हलवू शकत नाही.

मिस्त्री निघाला. आरशात जावई दिसत होता, रस्त्याच्या मधोमध उभा. लहान लहान होत गेला.

स्टिअरिंग दगडासारखं जड. गाडी सरळ. मिस्त्रीला जरा बरं वाटलं.

थोडं अंतर गेलं.

पेटी खाली पडली.

दाणकन. सीटवरून पायाकडे. रस्ता सरळ होता, ब्रेक लावला नव्हता, खड्डा नव्हता. मिस्त्री म्हणतो, पडली नाही... सरकवली. जागा करावी तशी.

त्याने बघितलं नाही तिकडे.

स्टिअरिंग हललं.

एवढंसं. डावीकडे.

त्याने दोन्ही हातांनी धरलं. उजवीकडे जोर लावला. मिस्त्रीचे हात म्हणजे काय, तुम्ही बघितलेत. गंजलेला नट पान्याशिवाय काढणारे हात. स्टिअरिंग उजवीकडे आलं नाही. थांबलं फक्त. मग पुन्हा... डावीकडे. हळू. घाई नसलेल्या माणसासारखं.

मग त्याने काय केलं ठाऊक आहे? हात सोडले. चाळीस वर्षांची सवय. बघायचं होतं त्याला.

दोन्ही हात छातीशी धरून तो बसला. आणि समोर स्टिअरिंग फिरत होतं. मोटार बंद. फ्यूज खिशात. फिरत होतं.

दिव्यांच्या उजेडात कडेचं गवत आलं. मग गवत संपलं. मग काळं पाणी.

त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं.

शांत.

खाली पाणी वाहत होतं तेवढा आवाज. समोरून एक ट्रक आला. त्याचे दिवे काचेतून आत शिरले, सगळी गाडी उजळली, ट्रक बाजूने निघून गेला. पुन्हा काळोख.

मिस्त्रीने मान वळवली नाही. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

फोन वाजला. जावई.

"बाबा..."

"हं."

जावई काही बोलेना. नुसता श्वास.

"बोला की."

"बाबा, ट्रकच्या उजेडात... मागच्या काचेतून... दोन डोकी दिसली."

"..."

"कोण बसलंय, बाबा?"

"कुठे?"

"माझ्या जागी."

...

मिस्त्री उतरला. कसा उतरला, दार लावलं की नाही, काही आठवत नाही. मागे बघितलं नाही. रस्त्याने चालत निघाला, आणि समोरून जावई पळत येत होता. गाडीकडे. त्याच्याकडे. मिस्त्री नंतर मला म्हणाला, त्या क्षणी मला एकच दिसलं. सगळं कळल्यावरही हा पोरगा पळाला तो माझ्या दिशेने. जावयाने त्याचा हात धरला आणि दोघं घरापर्यंत चालत आले. सबंध वाट हात सोडला नाही.

घरी लेक जागीच होती. मिस्त्री दारातच म्हणाला, "माझं चुकलं गं. माणसावर संशय घेतला मी." मग त्याने जावयासमोर हात जोडले. जावयाने ते धरून खाली केले. वहिनीने सगळ्यांना चहा केला. त्या रात्री ती माणसं खऱ्या अर्थाने एक घर झाली, आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं, हसू नका.

उजाडल्यावर आम्ही चौघं जाऊन गाडी ओढून आणली. पुढचं डावं चाक अर्धं हवेत होतं. मी ओळखी लावून दुसऱ्या गावाहून नवाकोरा कॉलम मागवला, कंपनीच्या खोक्यातला. जुना काढून मिस्त्रीने गोणीत बांधला आणि भंगारवाल्याकडे परत टाकून आला. भंगारवाल्याने का म्हणून विचारलं नाही. लेकीने इस्पितळात दोन दिवसांची रजा टाकली.

नवा कॉलम बसवला. सेटिंग करताना चारही दारं लावली, आम्ही सगळे बाहेर भिंतीला पाठ लावून उभे. स्कॅनरची वायर खिडकीच्या फटीतून. मग मिस्त्री एकटा चालवून आला. सरळ. मी एकटा गेलो, कालव्याच्या रस्त्याने, खरं सांगतो, मनातल्या मनात देवाचं नाव घेत. सरळ. जावई एकटा गेला. सरळ. परत आल्यावर सगळे इतके हसलो की शेजारचे बघायला आले. मी म्हटलं, जे काही होतं ते त्या कॉलममध्ये होतं, ते गेलं.

गुरुवारी रात्री लेक कामावर गेली. जावई आणि मिस्त्री दोघं फाटकात उभे राहून बघत होते. मागचे लाल दिवे सरळ रेषेत गेले आणि वळणावर दिसेनासे झाले. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

सकाळी ती आली. ठणठणीत. गाडी गॅरेजात लावली, चावी बापाच्या हातात दिली, जांभई देत म्हणाली, "बाबा, लोण्यासारखी चालते. जरासुद्धा ओढलं नाही."

"एकटीच होतीस ना?"

"मग कोण असणार? रात्री तीन वाजता एका रुग्णाला घरी सोडायला मध्येच एक फेरी मारली, तेवढी. तेव्हाही एकटीच परतले." आणि झोपायला गेली.

मिस्त्री खुशीत गॅरेजात गेला. गाडी पुसावी म्हणून. थोड्या वेळाने मला फोन आला. "ये," एवढंच म्हणाला. मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला.

तो डाव्या दाराशी उभा होता. दार उघडं. आत बोट दाखवलं.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. नीट, खटक्यात बसलेला.

मी म्हटलं, पोरीने सीटवर पर्स ठेवली असेल, पट्टा लावा म्हणून गाडी ओरडायला लागली असेल, ते बंद करायला लावला असेल. बोलता बोलता सोडवायला हात पुढे केला. मिस्त्रीने माझं मनगट धरलं. म्हणाला, "हात लावू नकोस. नीट बघ."

मग मी बघितलं. सीटच्या पट्ट्याला आत स्प्रिंग असते, पोरांनो. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सैल राहतच नाही. आत ओढला जातो, पाठीला चिकटून बसतो.

हा चिकटला नव्हता. खांद्यापासून पुढे आला होता, छातीवरून तिरका, मग पोटावरून. मध्ये हवा. आणि तो थोडा पुढे येत होता... थोडा मागे जात होता...